एक हिरवी शाई आणि घरातले सगळे कागद

हिरवी शाई घेताना सगळे बाटलीवरचा रंग बघतात, नेटवरचे फोटो बघतात, आणि घरी येऊन पेन भरलं की म्हणतात अरे हा तो रंग नाहीच. माझं या बाबतीत आता एकदम ठाम मत झालंय, शाई कितीही महाग घ्या, रंग शेवटी कागद ठरवतो. निळ्या शाईत हे एवढं कळत नाही, ती कुठेही निळीच दिसते, फार तर फिकी पडते. हिरवी मात्र एका कागदावर गर्द, दुसऱ्यावर नुसती काळपट, तिसऱ्यावर फिकट आणि मेलेली, आणि एका कागदावर तर चक्क लाल झाक मारते, आणि हे सगळं एकाच पेनातून, एकाच बैठकीत. म्हणून मग घरात जेवढे म्हणून कागद सापडले तेवढे काढले, शाळेच्या वह्या, ऑफिसचे कोरे कागद, बाबांच्या कपाटातली आंतरदेशीय पत्रं, पेपराची कड, लाल खातेवही, सगळं, आणि पावसाळ्यातले बरेच रविवार या उद्योगात घातले. घरातल्यांनी काय म्हटलं ते सोडा.

आधी शाई सांगते. पायलट या जपानी कंपनीची इरोशिझुकु नावाची मालिका आहे, 2007 पासून निघतेय, त्यातली ही शिन-र्योकु, गर्द जंगलाचा हिरवा म्हणून ठेवलेला रंग. आतेभाऊ पुण्याहून येताना घेऊन आला. 50 मिलीची जाड काचेची बाटली, आणि तळाला मधोमध एक खळगा दिलेला, म्हणजे शाई संपत आली की उरलेली तिथे गोळा होते आणि निब नीट बुडते. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याने नक्की आयुष्यभर बाटली वाकडी करून पेन भरलं असणार. रंग सरळ झाडाच्या पानाचा नाहीये, थोडा निळ्याकडे झुकतो, आणि शाई वाहती आहे, म्हणजे निबेतून मोकळी उतरते.

जोडीला एक स्वस्तातली पण हवी होती, नाहीतर तुलना कशाशी करणार. त्यासाठी खजुरी बाजार. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, राजवाड्याजवळची ही पुस्तकांची आणि वह्यांची गल्ली, जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, बाकी वर्षभर निवांत. दुकानदार म्हणाला, "दीदी, हरा तो अब कोई माँगता नी है, देखता हूँ, पड़ी होगी एकाध." आणि खरंच मागच्या फळीवरून धूळ झटकून काढून दिली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिच्याबद्दल फार चांगलं बोलणार नाहीये आणि बाटली किती वर्षं तिथे होती देव जाणे. रंग मात्र बघितल्या बघितल्या ओळखीचा वाटला. तो आमच्या घरातलाच रंग होता, बाबांच्या सहीचा.

बाबा सरकारी कॉलेजात प्राध्यापक, म्हणजे गॅझेटेड, त्यामुळे मे-जून मध्ये आमच्या ओट्यावर मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन पोरांची रांग, आणि बाबा बनियनवर बसून हिरव्या सह्या ठोकतायत असं दृश्य असायचं. 2014 च्या सुमारास सेल्फ अटेस्टेशन आलं आणि ती रांग बंद झाली, आईला बरं वाटलं, बाबांना तेवढं नाही. या हिरव्या रंगाचा रुबाब आहेच पण, केंद्र सरकारच्या ऑफिस मॅन्युअलमध्ये तर लिहिलंय की हिरवी किंवा लाल शाई फक्त जॉइंट सेक्रेटरी आणि त्यांच्या वरच्यांनीच वापरावी, तीही क्वचित. आणि तिकडे ब्रिटिशांच्या गुप्तचर खात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफील्ड स्मिथ-कमिंग, 1909 मध्ये खातं सुरू झालं तेव्हापासूनचे, ते हिरव्या शाईने नुसतं "सी" लिहून सही करायचे आणि त्यांच्यानंतरच्या प्रमुखांनी ती पद्धत आजपर्यंत चालू ठेवलीय. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय, आम्ही पण त्याच कॅडरचे."

पेनं दोन घेतली. एक पायलटचं फाइन निबवालं, जपानी फाइन हे युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक असतं, केस ओढल्यासारखी रेघ. दुसरं आपलं देशी एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, जाड निबवालं, ड्रॉपरने पोट भरायचं, भसाभस शाई सोडणारं. मुद्दाम असं घेतलं कारण नुसत्या बारीक निबेने बघितलं तर जवळपास सगळेच कागद पास होतात, कागदाची खरी लायकी जाड निबेखालीच कळते. मजकूर सगळीकडे तोच, शिवाय इअरबडने एक पट्टा ओढायचा, एक थेंब टाकायचा, थोड्या थोड्या सेकंदांनी बोट फिरवून वाळली का बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी पान उलटून मागची बाजू बघायची. दुसऱ्या दिवशी हे महत्त्वाचं, ओल्या शाईचा रंग बघून खूश व्हायचं नाही, वाळल्यावर हिरवी बरीच उतरते.

सुरुवात घरखर्चाच्या वहीपासून, म्हणजे शाळेच्या मुलांची साधी स्वस्त वही असते तीच, कुठल्याही कंपनीची समजा. फाइन निबेने बरं चाललं होतं. जाड निब टेकवली आणि अक्षरांना मिशा फुटल्या. इंग्रजीत लिहिणारे याला फेदरिंग म्हणतात, आपण सरळ शाई फुटली म्हणतो. पण देवनागरीत शाई फुटली की नुसतं घाणेरडं दिसत नाही, वाचायचेच वांधे होतात, हे मला या निमित्ताने भिंग लावून बघितल्यावर कळलं. भ आणि म मध्ये फरक काय, तर ती वरची छोटी गाठ आणि शिरोरेषेतली फट. शाई पसरली की गाठ भरते आणि फट बुजते. ध आणि घ चं तेच. माझ्या वहीत त्या दिवशी "भाजी 40" ची "माजी 40" झाली आणि धने घने झाले. अनुस्वाराचा टिंब तर एवढा फुगला की शिरोरेषेला जाऊन चिकटला. आणि शिरोरेषा हीच खरी परीक्षा आहे बघा, कारण आपण आधी अक्षरं काढतो, ती ओली असतानाच वरून रेघ ओढतो, म्हणजे प्रत्येक काना जिथे रेघेला भिडतो तिथे ओल्यावर ओलं पडतं. रोमन लिपीत एवढे सांधे नाहीतच. त्यामुळे परदेशातल्या लोकांनी एखाद्या कागदाला चांगला म्हटलं तरी मी आधी त्याच्यावर "भाजी, धने, घोसाळं" लिहून बघते आणि मगच मानते.

मग ऑफिसचा कॉपियर पेपर, 75 जीएसएमचा, प्रिंटरमध्ये घालतो तो. याच्यावर रंग सगळ्यात मेला. शाई पडल्या पडल्या आत शिरते, पाच सेकंदात वाळते, बोटाला काही लागत नाही, त्या दृष्टीने सोयीचा, पण हिरव्यातला सगळा जीव जातो, नुसतं राखाडी हिरवं उरतं. एक गंमत मात्र सापडली. रीमच्या वेष्टनावर एक बाण छापलेला असतो, कुठली बाजू आधी छापायची ते दाखवणारा, तो मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखा करत आलेय. कागदाच्या दोन बाजू सारख्या नसतातच, कारण कागद तयार होताना लगदा जाळीवर पसरतात आणि जाळीकडची बाजू वेगळी आणि वरची वेगळी होते. मी दोन्हीकडे लिहून बघितलं तर एका बाजूला मिशा स्पष्ट कमी होत्या. आता ऑफिसात कच्चं काही लिहायचं असलं की पान उलटंसुलटं करून बघते, शेजारच्या टेबलवाल्याला वाटतं मी नोट खरी की खोटी तपासतेय.

नोटेवरून आठवलं, शाई-कागदाच्या बाबतीत आपला मध्य प्रदेश काही मागे नाहीये हं. नोटांचा कागद होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, सिक्युरिटी पेपर मिलमध्ये बनतो, नोटा छापायची बँक नोट प्रेस देवासला, इथून तासाभरावर, आणि तिथे छपाईच्या शाईचा कारखाना पण आहे. आणि नेपानगरची गिरणी, देशातली पहिली न्यूजप्रिंट गिरणी, 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं होतं. न्यूजप्रिंटवर पण लिहून बघितलं, पेपराच्या पांढऱ्या कडेला, आणि ते बघण्यासारखंच आहे, थेंब टाकला तर तो गोल न राहता सगळीकडे पाय पसरत जातो. कारण त्या कागदाला खळ, म्हणजे पाणी अडवणारा लेप, जवळजवळ नसतेच, छपाईची शाई तेलकट आणि घट्ट असते, तिला त्याची गरज नाही. आपली पेनाची शाई म्हणजे मुख्यतः पाणी.

आता या खळीवरच सगळं येऊन थांबतं, त्यामुळे जरा थांबते इथे. जाड कागद म्हणजे चांगला कागद असा आपला सगळ्यांचा समज असतो. मला एकीने वाढदिवसाला एक भारीतली डायरी दिली होती, 100 जीएसएम, कडक पुठ्ठा, रिबिन वगैरे, आणि त्या डायरीत शिन-र्योकु इतकी वाईट फुटली की घरखर्चाची वही बरी म्हणायची वेळ आली. शिवाय मागच्या पानावर हिरवे ठिपके. याउलट पुढे सांगणार आहे तो जपानी कागद त्याच्या निम्म्या वजनाचा आहे आणि त्याच्यावर एक केस फुटत नाही. जीएसएम म्हणजे फक्त एक चौरस मीटर कागदाचं वजन, त्यावरून जाडीचा अंदाज येतो एवढंच, शाई पिण्याशी त्याचा थेट संबंध नाही. संबंध आहे तो साइझिंगचा, म्हणजे कागदाला पाणी किती अडवायचं हे ठरवणारा जो लेप किंवा मसाला लगद्यात किंवा वरून देतात त्याचा. पूर्वी राळ आणि तुरटी वापरायचे, त्याने कागद आम्लधर्मी होतो आणि वर्षांनी पिवळा पडून ठिसूळ होतो, आता बहुतेक ठिकाणी वेगळी रसायनं आणि वरून स्टार्च. आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही, जुन्या हातकागदाला पण खळ लावायचे आणि वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचं काम कित्येक शतकांपासून चालत आलंय. घोटलेल्या कागदावर बोरू कसा सरसर जातो ते जुनी मोडी कागदपत्रं बघितलीत तर दिसतं, रेघेच्या कडा अजून सुरीने कापल्यासारख्या आहेत.

खळ किती आहे हे घरी बघायची सोपी रीत आहे. पाण्याचा एक थेंब कोऱ्या पानावर टाका. थेंब फुगून बसला तर चांगलं, लगेच डाग पडून पसरला तर पेन बंद करून घरी जा. कागदाच्या गिरण्यांमध्ये हेच कॉब टेस्ट म्हणून मोजून करतात, ठरावीक वेळात, बहुतेक एका मिनिटात, एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम पाणी प्यायला. मी नुसता थेंब बघते. माझ्या त्या भारी डायरीत थेंब बसलाच नाही.

बॉण्ड पेपरने मला सगळ्यात जास्त खूश केलं. बिल्टचा रॉयल एक्झिक्युटिव्ह बॉण्ड, 85 जीएसएम, खजुरी बाजारात मिळतो, सुटे कागद पण देतात, आमच्याकडे लोक अर्ज आणि प्रोजेक्टसाठी नेतात. याच्यावर शिन-र्योकु पहिल्यांदा शिन-र्योकु दिसली. काना वरून खाली ओढला की वरचं टोक थोडं फिकं आणि खाली पेन थांबतं तिथे एक गर्द टिपका, याला शेडिंग म्हणतात, आणि देवनागरीत ते फार देखणं दिसतं कारण आपले निम्म्याहून जास्त वर्ण शेवटी खाली उतरून थांबणारे. ओळीत चार-पाच काने ओळीने आले, म्हणजे "काकांना आता" असं काहीतरी, की खालच्या बाजूला गर्द ठिपक्यांची रांग. फुटणं जवळपास नाही, मागे थोडं दिसतं पण उतरत नाही. वाळायला पंधरा-वीस सेकंद. आणि या सगळ्याची किंमत त्या डायरीच्या पुढे काहीच नाही.

तोमोए रिव्हर हा जपानी कागद ऐकून खूप होते, आतेभावानेच त्याच्या वहीतली काही पानं फाडून दिली, 52 जीएसएमवाली. हातात घेतला तर वाटतं हा कागद आहे की पतंगाचा ताव, पलीकडचं सगळं दिसतं. तोमोएगावा नावाची गिरणी बनवायची, त्यांनी 2021 मध्ये बंद करायचं जाहीर केलं तेव्हा जगभरच्या पेनवेड्यांनी सुतक पाळलं म्हणे, मग सान्झेन नावाच्या कंपनीने घेतला आणि आता ते बनवतात. माझी पानं जुनी की नवी ते आतेभावालाच माहीत. शाई याच्यावर आत जातच नाही, वर बसून राहते, आणि वाळताना रंगद्रव्याचा एक पातळ थर वर तयार होतो जो तिरप्या उजेडात वेगळाच रंग फेकतो. हिरव्या शाईचा लाल. खरंच लाल, जिथे शाई साठलीय तिथे, ळ च्या दोन्ही पोटांत आणि पूर्णविरामात, पान हलवलं की येतो आणि जातो. याला शीन म्हणतात आणि लोक यासाठी वेडे होतात, मी पण संध्याकाळभर ळ च काढत बसले, कमळ काजळ बाभळ पिवळा सगळं.

पण रोजच्या वापराला हा कागद मला नाही झेपला. एक म्हणजे वाळायला अर्ध्या मिनिटाहून जास्त, पान उलटलं की समोरच्या पानावर आरसा. दुसरं म्हणजे हाताचं तेल. मनगट ठेवून लिहिलं तर खालच्या ओळींना पेन मधेच अक्षर सोडून देतं, कारण तिथे तेल लागलेलं असतं, म्हणून हाताखाली दुसरा कागद ठेवायचा. सकाळी पोह्यांवर शेव टाकलेल्या हाताने तर याच्या जवळ पण जायचं नाही. आणि दोन्ही बाजूंनी लिहायचं तर मागची अक्षरं एवढी दिसतात की वाचताना डोळे दुखतात. पत्राला उत्तम, एका बाजूने लिहा, घडी घाला, पाठवा.

पत्रावरून, आंतरदेशीय पत्राचा कागद निळसर असतो त्यामुळे त्याच्यावर ही हिरवी जवळपास मोरपंखी दिसते, छान दिसते खरं तर. पोस्टकार्डाच्या पिवळट रंगावर तीच शाई एकदम पानासारखी हिरवी. कागदाचा स्वतःचा रंग शाईत मिसळतो हे साधंच, पण निळ्या-काळ्या शाईत आपण लक्ष देत नाही. आणि उजेडाचं पण बघा, दिवसा खिडकीपाशी बघितलेली गर्द हिरवी रात्री पिवळट दिव्याखाली काळी दिसते, मी तर बाबांना संध्याकाळी पान दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "यात हिरवं काय आहे?"

आता लाल खातेवही. ही माझ्या यादीत नव्हतीच. मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, सगळं टॅलीवर, पण दिवाळीत बरेच व्यापारी अजूनही पूजेसाठी एक लाल कापडाची, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली लांब वही घेतात, पहिल्या पानावर श्री आणि शुभ-लाभ काढतात आणि वही वर्षभर कोरी पडून राहते. अशीच एक जुनी कोरी ऑफिसच्या कपाटात होती, साहेबांनी दिली. पानांवर रेघा नसतात, पानाला उभे सळ पाडलेले असतात, त्या घड्या म्हणजेच रकाने. कागद साईच्या रंगाचा, थोडा खरखरीत, बघून वाटलं याच्यावर सगळं वाहून जाणार. थेंब टाकला तर बसला. जाड निबेने लिहिलं तर कडा स्वच्छ, शेडिंग बॉण्डपेक्षा कमी पण रंगात एक ऊब, कागद पांढराफटक नसल्यामुळे निळी झाक मरते आणि हिरवं वर येतं. फक्त सळावर, जिथे घडी पडून तंतू तुटलेत, तिथे शाई पटकन आत शिरते आणि घडीच्या रेघेने वर-खाली धावते, त्यामुळे रकान्याच्या कडेपासून जरा दूर राहायचं. जुने मुनीम पण कड सोडूनच लिहायचे असं साहेब म्हणाले, कारण हेच असेल का माहीत नाही.

त्याच वहीवर बोरू पण चालवला. बाबांकडे होता, तिरका कापलेला. पेनाची शाई बोरूला फार पातळ पडते, टोकातून सुटते आणि पहिल्या अक्षराला तळं होतं, काजळ-डिंकाची शाई घट्ट असते म्हणून बोरूवर धरून राहते. पण बाटलीच्या काठाला नीट निथळून घेतलं तर दोन-तीन शब्द असे काही उतरतात, जाड उभी रेघ आणि बारीक आडवी, आणि प्रत्येक जाड रेघेत फिक्यापासून गर्दपर्यंतचा हिरवा. मोडीत आधी पूर्ण शिरोरेषा ओढून घ्यायचे आणि मग खाली अक्षरं लिहीत जायचे, तसं करून बघितलं तर सांध्यावर शाई फुगायचा प्रश्नच कमी झाला, कारण वरची रेघ तोवर वाळायला लागलेली असते. ही गोष्ट मी आता पेनाने लिहितानाही करते कधी कधी, स्वस्त वहीवर बराच फरक पडतो. बाबा हे बघून त्यांच्या शाळेच्या दिवसांत गेले, शाईच्या गोळ्या आणि पुड्या पाण्यात विरघळवून दौत भरायचे ते दिवस. कॅमलिनच्या दांडेकरांनी पण 1931 मध्ये सुरुवात केली ती शाईच्या पुड्या-गोळ्यांनीच, हॉर्स ब्रँड नावाने, उंट नंतर आला.

स्वस्त बाटलीचं राहिलं. ती मुळात कोरडी शाई, कमी वाहते, त्यामुळे घरखर्चाच्या वहीवर जपानी शाईपेक्षा ती चांगली वागली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मिशा कमी, मागे काही नाही. पण शेडिंग नाही, शीन नाही, सपाट रंग. टिपकागदाच्या पट्टीवर थेंब टाकून खालचं टोक पाण्यात धरलं, पाणी वर चढताना रंग वेगळे करत नेतं, तर वरपर्यंत आकाशी निळा पळाला आणि खाली पिवळा मागे राहिला, म्हणजे हिरवा असा त्यात काही नव्हताच. आणि दोन्ही शायांची एक एक पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून गच्चीवरच्या खोलीच्या काचेला आतून चिकटवून ठेवली होती, त्यात स्वस्तातल्या शाईची उघडी बाजू दसऱ्यापर्यंत एवढी फिकी पडली की वाचायला झाकलेला भाग बघावा लागला. जपानी पण उतरली, पण वाचता येते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या, म्हणजे डायच्या, शाया उन्हात बहुतेक उडतातच, ज्याला कागदपत्र टिकवायचंय त्याने या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. चेकवर पण नको, बँकांच्या स्कॅनमध्ये नीट उमटेल अशीच शाई वापरा असं रिझर्व्ह बँक सांगते आणि फिकी हिरवी त्यात कुठे बसणार.

एक पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. इंदूरची हवा एरवी कोरडी, मे महिन्यात टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं तर निब सुकते. पण श्रावणात झड लागली की कागद ओल धरतो, आणि तेव्हा बॉण्डवर पण बारीक मिशा दिसल्या ज्या ऑक्टोबरात त्याच रीमच्या कागदावर दिसल्या नाहीत. म्हणून कोणी मला अमुक कागद वाईट आहे म्हणालं तर मी आधी विचारते, कधी लिहिलंत.

खातेवही आवडली म्हणून दिवाळीच्या आधी नवीन घ्यायला गेले, तसंच लाल कापड, तसाच दोरा, आणि दुकानात उभ्या उभ्या शेवटच्या पानावर पेन टेकवलं तर शाई भस्सकन फुटली. कागदाचा लॉट बदललेला. दुकानदार आधी बघत राहिला, मग म्हणाला, "दीदी, पूजा में रखना है कि लिखना है?" लिहायचंय म्हटल्यावर त्याने पोऱ्याला माळ्यावर चढवलं, मागच्या वर्षीच्या वह्या खाली काढल्या, एकेकीवर मला श्री काढू दिलं आणि स्वतः पण वाकून बघायला लागला. तिसऱ्या गठ्ठ्यातली जमली. त्यातल्या होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या, आणि ज्या वह्यांवर फुटली होती त्यांचे पण पैसे द्यायला गेले तर म्हणाला राहू द्या, श्री तर लिहिलंच गेलंय, पूजेला विकल्या जातील.